वर्कशॉप प्रकल्पासाठी वस्तू कशी निवडावी?

दहावीच्या वर्गाला वर्कशॉपमध्ये दरवर्षी एक प्रकल्प करावा लागतो. तीन कॅडेट्सच्या गटाने धातूची एक वस्तू निवडायची, तिचे रेखाचित्र काढायचे, ती लेथवर घडवायची आणि शेवटी सरांसमोर मांडायची. नोटीस बोर्डावर गटांची यादी लागली की रात्रीच्या प्रेपमध्ये एकच प्रश्न फिरतो : "तुमचा गट काय बनवणार?" उत्तरेही ठरलेली असतात. कोणी तोफ म्हणतो, कोणी रणगाडा, कोणी पेनस्टँड. वस्तू दोन मिनिटांत ठरते आणि पुढचे चार महिने तिच्यामागे जातात.

वस्तू घडवण्यावर पुस्तकात पुष्कळ धडे आहेत, पण ती निवडण्यावर फारसे काही लिहिलेले मला सापडले नाही. म्हणून आमच्या गटाने निवड कशी केली आणि त्या निवडीतून काय शिकायला मिळाले, ते येथे मांडत आहे. नववीच्या कॅडेट्सना पुढच्या वर्षी त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू. आम्ही शेवटी ओळंबा निवडला. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ज्याने पाहतो, तोच ओळंबा.

आधी हिशोब वेळेचा

"अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण वर्कशॉपला तंतोतंत लागू पडते. आमच्या वाट्याला आठ प्रॅक्टिकल होती, प्रत्येक ८० मिनिटांचे. हत्यारे काढणे, परत जमा करणे आणि मशीन साफ करणे यांत प्रत्येक वेळी १५ मिनिटे जातात. उरली ६५. आठ प्रॅक्टिकलची मिळून ५२० मिनिटे. लेथ दोन आणि गट चार, म्हणजे आमच्या हातात लेथ निम्माच वेळ, २६० मिनिटे. चार महिन्यांचा प्रकल्प म्हणतात तो प्रत्यक्षात साडेचार तासांहून कमी असतो. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर रणगाडा आपोआप मागे पडला.

दुसरा हिशोब मशीनचा. लेथवर काम फिरते आणि टूल स्थिर सरकते. त्यामुळे लेथवर जे काही होते ते मुळात गोल असते : दंडगोल, शंकू, चकती, भोक, आटे. सपाट बाजू, चौकोनी खाचा, उठावाची नक्षी हे लेथचे काम नाही.

बाद झालेल्या वस्तू

माझे आईबाबा बाबांच्या बदलीमुळे चंदीगडला सेक्टर २२ मध्ये राहतात. दिवाळीच्या सुट्टीत तेथे गेलो तेव्हा मनात पहिली वस्तू होती ती रस्त्यावरच्या मॅनहोलचे झाकण. ऐकून हसू येईल, पण चंदीगडच्या जुन्या झाकणांवर शहराचा नकाशाच उठावात ओतलेला आहे. परदेशांत त्यांचे लिलावही झाले आहेत. त्याची तळहाताएवढी प्रतिकृती करावी असे वाटले होते. पण ते झाकण बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहे. साचा एकदा केला की त्यातून हजार झाकणे ओतता येतात, हा ओतकामाचा फायदा. तेच उठावाचे रस्ते धातू कोरून काढायचे तर मिलिंग मशीन हवे. आमच्या लेथवर त्यातली फक्त गोल कड झाली असती. एखादी वस्तू आवडली तर ती मुळात कोणत्या प्रक्रियेने होते, हे आधी पाहावे. ओतीव वस्तू, पत्रा वाकवून केलेली वस्तू आणि कापून काढलेली वस्तू ही तीन वेगळी कुळे आहेत.

तोफ हा माझ्या दोन्ही जोडीदारांचा आवडता पर्याय होता आणि तो वाईट नाही. तोफेची नळी हे उत्तम लेथकाम आहे. तिच्यात उतार आहे, लांब भोक आहे, कडी आहेत. पण चाके, आरे आणि गाडा यांतच वेळ जातो. शिवाय एक अडचण मला जास्त महत्त्वाची वाटली. नळी ४८ मिमी झाली काय आणि ५० मिमी झाली काय, तोफ तितकीच छान दिसते. ती चुकली हे कोणालाही सांगता येत नाही.

स्क्रू जॅकची कसोटी चोख असते, वजन उचलले की झाले. पण त्याचे चौकोनी आटे कापायला २६० मिनिटांतला फार मोठा वाटा गेला असता. पितळी भोवरा मात्र शेवटपर्यंत शर्यतीत होता. भोवरा गोल असतो, लेथवर होतो आणि त्याची परीक्षाही घेता येते. घड्याळ लावून किती सेकंद फिरतो ते मोजायचे. ज्या गटाला ओळंब्यात रस नसेल त्याने खुशाल भोवरा करावा.

सेक्टर २२ मधली भिंत

आता ओळंबा कसा सुचला ते सांगतो. चंदीगड वसवताना जे सेक्टर सर्वांत आधी बांधले गेले त्यांत सेक्टर २२ आहे. शहराचा आराखडा ल कॉर्बुझिए यांचा, पण या सेक्टरच्या घरांवर जेन ड्रू आणि मॅक्सवेल फ्राय या वास्तुविशारद दांपत्याचे आणि पिएर जानरे यांचे काम आहे. १९५० च्या दशकात सिमेंट आणि पोलाद महाग होते, वीट मात्र जवळच मिळत होती. म्हणून घरे विटांची झाली आणि अनेक भिंती गिलाव्याशिवाय उघड्या ठेवल्या गेल्या. उघड्या विटेच्या भिंतीला लपायला जागा नसते. गिलावा असला की वाकडेपणा त्याखाली झाकता येतो. येथे एक थर सरकला तर सत्तर वर्षांनंतरही रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतो.

आमच्या घरामागे एका कुंपणभिंतीची दुरुस्ती चालू होती. भिंत दीड मीटर उंच. मिस्त्री साठीच्या आसपासचे, आणि हाताखाली त्यांचाच मुलगा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. मी रोज बघत उभा राहायचो म्हणून ते मला "काका" म्हणून हाक मारू लागले. पहिल्यांदा मी दचकलो. नंतर कळले की पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा!

त्यांच्या ओळंब्याला तिकडे साहुल म्हणतात. आपल्याकडे असतो तसाच तो होता : दोऱ्याला टांगलेले लोखंडी वजन आणि त्याच दोऱ्यात वरच्या बाजूला ओवलेला लाकडी गुटका. गुटका भिंतीला वर टेकवायचा आणि वजन खाली सोडायचे. गुटक्याच्या मधल्या भोकापासून त्याच्या कडेपर्यंतचे अंतर हे खालच्या वजनाच्या त्रिज्येइतकेच असते. त्यामुळे भिंत उभी सरळ असेल तर वजन भिंतीला जेमतेम शिवते. वजन आणि भिंत यांत फट राहिली तर भिंतीचा माथा बाहेर झुकलेला आहे. वजन भिंतीवर रेलले तर माथा आत गेलेला आहे. गवंडी म्हणतात "भिंत ओळंब्यात आहे", त्याचा अर्थ एवढाच.

मी पट्टीने मोजले. वजनाचा व्यास ४६ मिमी, म्हणजे त्रिज्या २३. गुटक्याचे भोक ते कड हे अंतर मात्र २० मिमी. लाकूड पावसात फुगलेले, मग रंधा मारलेले, कडा झिजलेल्या. ३ मिमीचा फरक. मी मिस्त्रींना तो दाखवला तर ते हसले. त्यांना तो आधीपासून ठाऊक होता. ते गुटका भिंतीला टेकवतच नव्हते, "एक सूत" दूर धरत होते. सूत हे गवंडी-सुतारांचे माप, इंचाचा आठवा भाग, म्हणजे साधारण ३ मिमी. त्यांच्या बोटांनी हत्याराची चूक बरोबर भरून काढली होती.

पण भिंतीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा त्याच ओळंब्याने काम करत होता आणि तो गुटका घट्ट टेकवत होता. भारतीय मानक ब्यूरोच्या वीटकामाच्या संहितेत एका मजल्याच्या भिंतीला दर ३ मीटर उंचीस ६ मिमीपर्यंत कल चालतो. दीड मीटरच्या भिंतीला म्हणजे ३ मिमी. मुलाने डोळ्यात तेल घालून काम केले तरी ती सगळी सवलत त्या झिजलेल्या गुटक्यानेच खाऊन टाकली असती. वडिलांचे कसब त्यांच्या बोटांत होते. मुलाच्या हाती आलेले हत्यार मात्र चुकीचे होते आणि चुकले कोठे हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

त्या दिवशी आमचा प्रकल्प ठरला. सुट्टी संपल्यावर जोडीदारांना हे चित्र काढून सांगितले. एक लगेच तयार झाला. दुसऱ्याने अट घातली, "तोफेपेक्षा यात लेथकाम कमी असेल तर मी नाही." मग आम्ही दोन्ही वस्तूंतल्या प्रक्रिया एकाखाली एक लिहिल्या. फेसिंग, टर्निंग, ड्रिलिंग, आटे, उतार, पार्टिंग, खाचा : सातही ओळंब्यात निघाल्या आणि प्रश्न मिटला.

कोठे अचूक असावे आणि कोठे नसले तरी चालते

या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा धडा मला येथे मिळाला. रेखाचित्र काढताना आपण प्रत्येक मापापुढे सारखीच अचूकता लिहून टाकतो. ते चूक आहे. आधी विचारावे, हे माप काय काम करते?

हत्याराची चूक ही ज्याला मोजायचे त्या सवलतीच्या दहाव्या भागाहून जास्त नसावी, असा एक ढोबळ नियम सरांनी सांगितला. १ मीटर उंचीला २ मिमी सवलत आहे. तिचा दहावा भाग ०.२ मिमी. म्हणून ओळंब्याची त्रिज्या आणि वरच्या तुकड्याची त्रिज्या यांत ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक नको. ही चूक उंचीबरोबर वाढत नाही, हेही लक्षात घ्यावे. दोरा १ मीटर सोडा की ३ मीटर, ती ०.२ मिमीच राहते. म्हणून शक्य तितका लांब दोरा सोडून तपासणे चांगले.

आता नीट पाहा. दोन त्रिज्या एकमेकींशी समान हव्यात. त्या नेमक्या किती आहेत याला महत्त्व नाही. १९ मिमी असो वा १८.७, दोन्हींची जोडी जमली की काम झाले. परेडमध्ये "दाहिने सज" झाल्यावर रांग मैदानावर वीतभर पुढे आहे की मागे, हे कोणी बघत नाही. सगळे एका ओळीत आहेत का, एवढेच बघतात. तसेच हे.

एवढे कळल्यावर वस्तूची रचना बदलली. लाकडी चौकोनी गुटक्याऐवजी आम्ही गोल पोलादी चकती घेतली आणि ती ओळंब्याच्याच सळईतून, त्याच कापात काढायचे ठरवले. एकाच टूलने, एकाच सेटिंगवर, एका सलग फेरीत दोन्हींचा व्यास कापला की ते समान येणारच. चकतीचा आणखी एक फायदा असा की ती कशीही फिरवून धरली तरी भोक ते भिंत हे अंतर तेच राहते. चौकोनी गुटक्याला चार बाजू असतात आणि चारही वेगवेगळ्या झिजतात.

धातू कोणता?

आमचा कल पितळेकडे होता. पितळ गंजत नाही, सहज कापते आणि चकाकते. घनता दर घनसेंटिमीटरला साधारण ८.५ ग्रॅम, म्हणजे पोलादाच्या ७.८५ पेक्षा थोडी जास्तच. पण मिस्त्रींना सुट्टीतच विचारून ठेवले होते. ते म्हणाले की पितळेची वस्तू कामावर दुसऱ्या दिवशी दिसत नाही, थेट भंगारवाल्याकडे जाते! हे कारण कोणत्याही पुस्तकात सापडले नसते. म्हणून ओळंबा आणि चकती साध्या पोलादाची ठरली. गंजू नये म्हणून तेलाचे फडके पुरते.

४० मिमीची सळई घेतली, तयार व्यास ३८ मिमी ठरवला. वरचा दंडगोल ३० मिमी लांब, खालचा शंकू ३८ मिमी लांब. वजन आधी कागदावर काढले. दंडगोलाचे घनफळ सुमारे ३४ घनसेंटिमीटर, शंकूचे सुमारे १४.४. एकूण ४८.४ गुणिले ७.८५, म्हणजे सुमारे ३८० ग्रॅम. फार हलका ओळंबा वाऱ्यात डोलतो आणि फार जड असला तर दिवसभर धरून हात भरून येतो. मिस्त्रींच्या जुन्या ओळंब्याच्या मानाने हा थोडा हलका होता, पण भिंतीच्या कामाला पुरेसा.

कामाचा क्रम

फेऱ्यांचा वेग आधी काढला. हायस्पीड स्टीलच्या टूलने साधे पोलाद कापताना कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरतात. २५,००० मिमीला ४० मिमी व्यासाच्या परिघाने, म्हणजे सुमारे १२५.७ ने भागले की मिनिटाला साधारण २०० फेरे येतात. लेथवर जवळचा खालचा वेग निवडला. नंतरचा क्रम असा :

१. सळई चकमध्ये पकडून ९० मिमी बाहेर ठेवली. व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी भाग बाहेर असल्याने टेलस्टॉकचा आधार लागला नाही. तोंड सपाट केले, सेंटर ड्रिलने खूण केली.

२. संपूर्ण लांबीवर ३८ मिमी व्यास कापला. शेवटची फेरी बारीक आणि सलग, मध्ये टूलला हात लावायचा नाही.

३. चकतीचे ३ मिमी भोक पाडले, चकतीच्या कडेला खाचा कापल्या आणि पार्टिंग टूलने १२ मिमी जाडीची चकती अलग केली.

४. तीच पकड कायम ठेवून ओळंब्याच्या माथ्याला ८.५ मिमी भोक पाडले आणि एम १० चे आटे काढायला सुरुवात केली. उरलेले आटे बाकावर हाताने पूर्ण केले, कारण तेव्हा लेथ दुसऱ्या गटाकडे होता.

५. सळई मागून कापली. मग ओळंबा उलटा करून, दंडगोलाला तांब्याचा पत्रा गुंडाळून चकमध्ये धरला आणि कंपाउंड स्लाइड वळवून शंकू कापला. १९ मिमी त्रिज्या ३८ मिमी लांबीत शून्यावर आणायची, म्हणजे निम्म्या कोनाचे टॅन ०.५, कोन साधारण २६.६ अंश.

६. माथ्यात बसणारे टोपण वेगळे केले. त्याच्या मधून ३ मिमी भोक. दोरा त्यातून घालून खाली गाठ मारायची आणि टोपण आवळायचे.

यात पायरी २, ३ आणि ४ एकाच पकडीत होतात, हे या क्रमाचे मर्म आहे. काम एकदा चकमधून काढून पुन्हा लावले की ते तंतोतंत त्याच मध्यावर बसत नाही. व्यास आणि भोक एकाच पकडीत कापले की दोघांचा मध्य एकच राहतो. भोक मध्याबाहेर गेले तर ओळंबा तिरका लोंबतो, कारण त्याचा गुरुत्वमध्य दोऱ्याच्या खाली येईपर्यंत तो कलतो.

शंकूसाठी काम उलटे करावेच लागते आणि तेव्हा मध्य केसभर सरकतो. पण शंकू भिंतीला कधीच शिवत नाही, शिवतो तो दंडगोल. म्हणून जो भाग मोजणीत येत नाही तो दुसऱ्या पकडीसाठी राखून ठेवला.

नर्लिंगचा प्रश्न

चुन्या-सिमेंटच्या हातातून चकती निसटू नये म्हणून एका जोडीदाराने तिच्या कडेवर नर्लिंग सुचवले. नर्लिंग म्हणजे दाबून उठवलेली खरखरीत नक्षी. पकड छान येते. पण नर्लिंगमध्ये धातू कापला जात नाही, दाबला गेल्याने तो आजूबाजूला वर येतो आणि व्यास वाढतो. म्हणजे ज्या कडेसाठी सारा खटाटोप, तीच मोठी होणार. त्याऐवजी आम्ही कडेवर दोन उथळ खाचा कापल्या. खाच धातू काढून टाकते, उरलेली कड ३८ मिमीवरच राहते. बोटांना आधार मिळाला आणि व्यासही जपला गेला. टोपणावर मात्र बिनधास्त नर्लिंग केले, कारण तेथे व्यासाला काही काम नाही.

तपासणी

मोजणी व्हर्निअर कॅलिपरने केली, त्याचे लघुतम माप ०.०२ मिमी. चकती ३८.०२, ओळंबा ३८.०४. त्रिज्यांतला फरक ०.०१ मिमी, परवानगी ०.२ ची. म्हणजे गरजेच्या वीसपट चांगले. साध्या लेथवर आणि शिकाऊ हातांनी हे जमले, कारण दोन वेगळी मापे गाठायचा प्रयत्नच केला नाही.

दुसरी तपासणी कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते. ओळंबा भिंतीला टांगून खाली दोऱ्याच्या जागी खूण करा. मग चकती तिच्या जागी अर्धा वळसा फिरवून पुन्हा टेकवा. भोक मध्यात नसेल तर दोरा सरकतो, आणि तोही जेवढी चूक असेल त्याच्या दुप्पट. चूक स्वतःच मोठी होऊन दिसते. स्पिरिट लेव्हल उलटी ठेवून तपासतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. आमचा दोरा खुणेवरच राहिला.

तिसरी तपासणी हिवाळ्याच्या सुट्टीत सेक्टर २२ मध्ये झाली. मिस्त्रींनी चकती उलटसुलट करून पाहिली, नखाने खाचा चाचपल्या आणि ओळंबा आपल्या मुलाच्या हातात दिला. मुलाने चकती घट्ट टेकवून नव्या खांबाचे चार कोपरे पाहिले. मागून मिस्त्रींनी आपल्या जुन्या ओळंब्याने, एक सूत अंतर राखून, तेच कोपरे तपासले. दोघांचे उत्तर चारही ठिकाणी एकच आले. मग त्यांनी दोन सूचना केल्या. दोरा पांढऱ्याऐवजी लाल हवा, उन्हात पांढरा दिसत नाही. आणि शंकूचे टोक थोडे बोथट करा, खिशाला भोक पडते. पहिली सूचना त्याच दिवशी अमलात आली, दुसरीला कानसेचे चार हात पुरले.

एक जुने उदाहरण

काय बनवावे हा प्रश्न मोठ्यांनाही पडतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बेळगावात १८८८ मध्ये त्यांच्या कुटुंबाचे सायकलचे दुकान सुरू झाले. पुढे कारखाना काढल्यावर त्यांनी निवडल्या त्या वस्तू कोणत्या? कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. दिखाऊ वस्तू त्यांना करता आल्या नसत्या असे नाही. पण नांगराची परीक्षा शेतकरी स्वतःच्या शेतात घेऊ शकत होता. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्याने पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. म्हणजे योग्य निवड लगेच फळते असेही नाही. पण जी वस्तू वापरणाऱ्याच्या हाती खरी उतरते तिच्या बाजूने शेवटी वस्तूच बोलते. १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला आणि नांगराचे पीक त्यानंतरच जोमात आले.

निवडीचे पाच प्रश्न

पुढच्या वर्षीच्या गटांनी वस्तू ठरवण्याआधी हे प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे द्यावीत :

• आपल्याला लेथ प्रत्यक्षात किती मिनिटे मिळणार आहे?

• ही वस्तू मुळात लेथची आहे, की ओतकामाची किंवा पत्राकामाची?

• ती कोण वापरणार? त्या माणसाला आपण भेटलो आहोत का?

• तिच्यातले कोणते एक माप चुकले तर वस्तू निरुपयोगी होते? ते माप एकाच पकडीत कापता येईल का?

• वस्तू बरोबर झाली की नाही, हे आपल्या गटाबाहेरचा माणूस कसे तपासेल?

पाचव्या प्रश्नाला उत्तर नसेल तर वस्तू बदलावी, असे माझे मत आहे. गुण सरांनी दिले तरी वस्तूची खरी परीक्षा ती वापरणारा घेतो.

आमचा ओळंबा आता चंदीगडलाच आहे, मिस्त्रींच्या मुलाच्या थैलीत. रेखाचित्र आणि वेळेचा तक्ता वर्कशॉपच्या कपाटात दुसऱ्या खणात ठेवला आहे. ज्या गटाला हवा असेल त्याने घ्यावा. चकतीची जाडी १२ ऐवजी १५ मिमी केली तर ती भिंतीला अधिक स्थिर बसेल, असे आम्हाला वाटते. ते करून पाहण्याचे काम पुढच्या तुकडीकडे सोपवतो.